स्वप्नात मारलेली धडक: मिनियापोलिसमधल्या एका रुग्णाचे प्रकरण

१९८२ साली अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहरात, हेनेपिन काउंटी मेडिकल सेंटरच्या निद्राविकार केंद्राकडे ६७ वर्षांचे एक गृहस्थ आले. किराणा व्यवसायातून निवृत्त झालेले. तक्रार अशी, की स्वप्नात जे चाललेले असते ते शरीर खरोखरच करून टाकते. त्यातला सर्वांत ठसठशीत प्रसंग फुटबॉलचा, म्हणजे अमेरिकेत खेळतात त्या अंगाला अंग भिडवणाऱ्या फुटबॉलचा. स्वप्नात चेंडू त्यांच्या हाती आला आणि वाट अडवून २८० पौंडांचा, म्हणजे जवळपास १२७ किलोंचा, गडी उभा राहिला. कबड्डीत पकड मोडायला खांदा घालावा तसा खांदा पुढे करून त्यांनी मुसंडी मारली. भानावर आले तेव्हा ते खोलीतल्या खणांच्या कपाटासमोर उभे होते. वरचे दिवे, आरसा, सगळे खाली आले होते. डोके भिंतीवर आणि गुडघा कपाटावर आपटला होता.

याच केंद्राच्या नोंदींत आणखी एक प्रसंग आहे. स्वप्नात आडव्या पडलेल्या हरणाची मान मोडायला निघालेला माणूस बायकोच्या किंकाळीने जागा झाला, तेव्हा त्याच्या हातांत बायकोचे डोके आणि हनुवटी होती. अशा भीतीने काही रुग्ण रात्री स्वतःला दोराने पलंगाला बांधून घेत. हे वाचून आधी घरगुती हिंसाचाराची शंका येते. पण अशा रुग्णांच्या जागेपणीच्या वागण्यात स्वप्नांतल्या मारामारीचा मागमूसही नसतो. बहुतेकांच्या बायका सांगतात की दिवसा यांच्यासारखा शांत माणूस नाही.

आम्ही हे प्रकरण निवडले ते विचित्र आहे म्हणून नव्हे. झोपेत शरीर का हलते, या प्रश्नाला भिडण्याचा सर्वांत स्वच्छ रस्ता या प्रकरणातून जातो. रोज रात्री स्वप्नात आपण सगळेच धावतो, पडतो, भांडतो. त्या वेळी मेंदूतला हालचालींचा विभाग जागेपणीइतकाच कामात असतो. तरीही सकाळी पांघरूण बहुतेक जागच्या जागी असते. ते तसे का राहते, हे कळले की या गृहस्थांचे काय बिघडले होते तेही कळते.

तक्रार नीट ऐकली तर

त्या काळी रात्री उठून धडपडणाऱ्या माणसाला ‘झोपेत चालण्याची सवय’ असे म्हणून मोकळे होत. काही डॉक्टर अपस्मार समजून फिट्सच्या गोळ्या देत, काही मानसिक ताण म्हणून सोडून देत. केंद्रातले मनोविकारतज्ज्ञ कार्लोस शेंक आणि मेंदूविकारतज्ज्ञ मार्क महोवाल्ड यांनी मात्र रुग्णांना रात्रभर तारा लावून, कॅमेऱ्यासमोर झोपवले.

खरे तर निदानाचा निम्मा भाग तक्रारीतच असतो, फक्त विचारावे लागते. घटना किती वाजता घडते? झोप लागल्यावर दीड तासाच्या आत शक्यतो नाही, आणि पहाटेकडे अधिक? डोळे मिटलेले होते की उघडे? हलवल्यावर लगेच भानावर आले, की पाच-दहा मिनिटे ‘मी कुठे आहे’ अशी गोंधळलेली अवस्था होती? उठल्यावर सुसंगत गोष्ट सांगता आली का, आणि ती गोष्ट बाहेर दिसलेल्या हालचालीशी जुळते का?

झोपेत चालणारा माणूस गाढ झोपेतून, रात्रीच्या पहिल्या एक-तृतीयांश भागात उठतो. त्याचे डोळे उघडे असतात, तो दार उघडतो, जिना उतरतो, फर्निचर चुकवतो. त्याला जागे करणे अवघड असते आणि सकाळी सहसा काही आठवत नाही. स्वप्नात धडक मारणाऱ्याचे बरोबर उलटे असते. डोळे मिटलेले, कारण त्याचे लक्ष स्वप्नातल्या खोलीकडे आहे. म्हणूनच तो लांब जात नाही. पहिल्याच अडथळ्यावर आदळून थांबतो. आणि जागा झाला की क्षणात पूर्ण जागा होतो व सगळे सांगतो. आपले गृहस्थ कपाटाजवळ भानावर आले आणि खेळाडूच्या वजनासकट सगळे सांगू शकले, हा तपशील त्यामुळेच मोलाचा आहे.

तारांनी काय दाखवले

रात्रभराच्या तपासणीला पॉलिसॉम्नोग्राफी म्हणतात. दवाखान्यांत तिला सरळ ‘स्लीप स्टडी’ म्हणतात. डोक्यावरच्या तारा मेंदूच्या लहरी टिपतात, डोळ्यांच्या कडेच्या तारा बुबुळांची हालचाल. या प्रकरणात सर्वांत महत्त्वाची तार हनुवटीची.

ती कशी लावतात ते सांगणे गरजेचे आहे, कारण निम्म्या चुका इथेच होतात. एक इलेक्ट्रोड मध्यरेषेवर, खालच्या जबड्याच्या कडेपासून १ सेंटिमीटर वर. दुसरे दोन त्या कडेपासून २ सेंटिमीटर खाली, मध्यरेषेच्या उजवीकडे व डावीकडे २-२ सेंटिमीटर. दाढी असेल तर तेवढी जागा भादरावी लागते. त्वचा नीट घासून पुसली नाही किंवा पहाटे घामाने चिकटपट्टी सुटली, तर ऐन रेम निद्रेच्या, म्हणजे स्वप्नांच्या झोपेच्या, वेळी तार खोटे बोलू लागते. घोरण्याची थरथरही हनुवटीच्या तारेवर उमटते, आणि नवखा तंत्रज्ञ तिला स्नायूंची हालचाल समजतो. पायांवर नडगीच्या पुढच्या स्नायूवर दोन इलेक्ट्रोड, २ ते ३ सेंटिमीटर अंतरावर. या विकाराची शंका असेल तर हातावरही, बोटे मुडपणाऱ्या स्नायूवर, तारा हव्यात. नेहमीच्या स्लीप स्टडीत हाताच्या तारा लावत नाहीत, आणि ठोसे तर हातांनी मारले जातात. ही गोष्ट चाचणी ठरवतानाच केंद्राला सांगावी. सोबत आवाजासह व्हिडिओ हवाच. नुसता आलेख पाहून ठोसा आणि कूस बदलणे वेगळे काढता येत नाही.

रेम निद्रा म्हणजे झोपेचा तो टप्पा ज्यात बंद पापण्यांखाली बुबुळे भराभर फिरतात आणि सर्वांत रंगतदार स्वप्ने पडतात. शिकागो विद्यापीठातल्या यूजीन ॲसेरिन्स्की आणि नॅथॅनियल क्लाइटमन यांनी १९५३ साली तिचे वर्णन प्रसिद्ध केले. झोपेचे चक्र साधारण ९० मिनिटांचे असते. प्रत्येक चक्राच्या शेवटी रेमचा तुकडा येतो आणि पहाटेकडे हे तुकडे लांबत जातात. प्रौढ माणसाच्या झोपेचा २० ते २५ टक्के भाग हाच. या काळात मेंदूच्या लहरी जागेपणीसारख्या धावत असतात आणि हनुवटीची रेघ मात्र शाईने आखल्यासारखी सपाट होते. मध्येच एखादा लहान झटका, की पुन्हा सपाट.

मिनियापोलिसच्या रुग्णांत ती रेघ सपाट झाली नाही. रेममध्ये हनुवटीचा ताण टिकून राहिला, हातापायांचे झटके कैक पटींनी वाढले, आणि कॅमेऱ्यात ठोसे, लाथा, काहीतरी शोधत हात फिरवणे, कुणाकडे तरी हात पुढे करणे असे प्रकार दिसले. फिट्सच्या लहरी मिळाल्या नाहीत. गाढ झोपेत धोकादायक वर्तन शून्य.

शेंक आणि सहकाऱ्यांनी १९८६ साली अशा पाच रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध केला: ६७ ते ७२ वयाचे चार पुरुष आणि ६० वर्षांची एक स्त्री. पुरुषांना ४ महिन्यांपासून ६ वर्षांपर्यंत हा त्रास होता आणि त्यांनी स्वतःला किंवा जोडीदाराला दुखापत केली होती. स्त्रीचे वर्तन त्रासदायक होते, पण हिंसक नव्हते. मानसिक आजार कुणालाच नव्हता. पुढच्याच वर्षी या विकाराला ‘रेम स्लीप बिहेव्हिअर डिसऑर्डर’ हे नाव मिळाले. आपण त्याला रेम-वर्तनविकार म्हणू.

आज मोजणीचे नियम पक्के झाले आहेत. रात्र ३० सेकंदांच्या तुकड्यांत कापतात. एका तुकड्याच्या निम्म्याहून अधिक वेळ हनुवटीचा ताण चढलेला असेल तर तो ‘सलग ताणा’चा तुकडा. ०.१ ते ५ सेकंदांचे छोटे झटके वेगळे मोजतात. त्यासाठी प्रत्येक तुकड्याचे ३-३ सेकंदांचे दहा भाग करतात आणि निम्म्या भागांत झटके दिसले तर तो तुकडा धरतात. हनुवटी आणि दोन्ही हातांचे स्नायू मिळून रेमच्या २७ टक्क्यांहून अधिक तुकड्यांत हालचाल सापडली तर निदानाला भक्कम आधार मिळतो. यातली व्यवहाराची गोष्ट अशी, की चाचणीच्या रात्री रुग्ण शांत झोपला म्हणून चाचणी वाया जात नाही. लाथ रोज रात्री मारली जात नाही, पण हनुवटीची रेघ रोज रात्री बिघडलेली असते.

लगाम कुठे असतो

फ्रान्समधल्या लिऑन शहरात मिशेल जूवे यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस मांजरांवर काम करताना पाहिले की स्वप्नाच्या टप्प्यात मांजराच्या मानेचे स्नायू पूर्ण ढिले पडतात. १९६५ साली त्यांनी आणि डेलोर्म यांनी मांजरांच्या मेंदूच्या देठातल्या पॉन्स नावाच्या भागात एक बारीक इजा केली. मांजरे झोपली, रेममध्ये गेली, आणि उठून उभी राहिली. नसलेल्या उंदरावर दबा धरला, झडप घातली, पाठ फुगवून नसलेल्या शत्रूवर फिस्कारली. समोर खरोखर काही धरले तरी त्यांचे त्याकडे लक्ष नव्हते. १९८२ साली, म्हणजे आपले गृहस्थ केंद्रात आले त्याच वर्षी, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या ॲड्रियन मॉरिसन यांच्या गटाने दाखवले की इजा पॉन्समध्ये नेमकी कुठे आहे यावर मांजर काय करणार हे ठरते. एका जागी इजा असेल तर ते फक्त डोके उचलते, दुसऱ्या जागी असेल तर हल्ला करते. मिनियापोलिसच्या डॉक्टरांनी आपले आलेख पाहिले तेव्हा त्यांना ही मांजरे आठवली. १९८६ च्या अहवालात हे नाते त्यांनी स्पष्ट नोंदवले आहे.

आता यंत्रणा. पॉन्समध्ये लोकस सेरुलियस या निळसर ठिपक्याच्या लगेच खाली चेतापेशींचा एक लहानसा पुंजका आहे. रेम सुरू होताना या पेशी ग्लुटामेट हे रसायन सोडून खाली मेडुलातल्या, म्हणजे मेंदूच्या देठाच्या तळच्या भागातल्या, पेशींना जागे करतात. मेडुलातल्या पेशी पुढे मज्जारज्जूपर्यंत जातात आणि स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशींवर ग्लायसिन व गाबा ही दोन दाबणारी रसायने सोडतात. त्या पेशींचा विद्युतदाब इतका खाली जातो, की वरून आलेला ‘धाव’ हा हुकूम त्यांना पेटवू शकत नाही. हुकूम निघतो, पण दारात अडतो. टोरांटोतल्या पॅट्रिशिया ब्रुक्स आणि जॉन पीव्हर यांनी २०१२ साली उंदरांवरच्या प्रयोगात दाखवले की ही पकड सोडवायला ग्लायसिन आणि गाबा या दोन्हींचे दरवाजे एकत्र बंद करावे लागतात. एकच बंद केला तर स्नायू ढिलेच राहतात.

या लगामातून काही स्नायू सुटलेले असतात. श्वासपटल चालू राहते, नाही तर रोज रात्री आपण गुदमरलो असतो. डोळे फिरवणारे स्नायू चालू राहतात, म्हणून तर बुबुळे फिरतात. बरगड्यांमधले आणि घशाचे स्नायू मात्र ढिले पडतात, आणि म्हणूनच घोरणाऱ्या माणसाचा श्वास पहाटे रेममध्ये सर्वांत जास्त अडतो.

नुसता लगाम सुटला म्हणून घोडा उधळतोच असे नाही. लगाम ढिला आणि हालचालींचे जनित्र उद्दीपित, अशा दोन्ही गोष्टी जमल्या की ठोसा बसतो. म्हणूनच काही लोकांच्या आलेखात हनुवटीचा ताण दिसतो, पण त्यांनी आयुष्यात कधी झोपेत लाथ मारलेली नसते. आणि खऱ्या रुग्णातही बहुतांश हालचाली म्हणजे बोटांचे, मनगटांचे लहान झटके असतात. नाट्यमय मारामारी हा त्यातला छोटा वाटा. बायकोला आठवतो तो ठोसा, कॅमेऱ्याला दिसतात ते शेकडो झटके.

मग स्वप्न हालचाल घडवते, की हालचालीवरून मेंदू स्वप्न रचतो? दोन्ही बाजूंना पुरावा आहे. पॅरिसमधल्या इझाबेल आर्नुल्फ यांच्या गटाने २०१० साली रेम-वर्तनविकाराच्या रुग्णांचे डोळे आणि हात एकत्र तपासले. रुग्ण स्वप्नात ज्या दिशेला हात करतो, बुबुळेही बहुतेक वेळा त्याच दिशेला वळतात, म्हणजे स्वप्नातल्या वस्तूकडे तो ‘पाहत’ असतो. उलट बाजूला आयोवा विद्यापीठातले मार्क ब्लमबर्ग उंदरांच्या नवजात पिलांचे झोपेतले झटके वर्षानुवर्षे अभ्यासत आले आहेत. तिथे स्नायू आधी झटका देतो आणि त्याची खबर मेंदूपर्यंत मागून पोहोचते. पिलाचा मेंदू अशा हजारो झटक्यांवरून शरीराचा नकाशा आखतो: हा पाय, हा पंजा, ही मिशी.

माणसाच्या बाळाचेही तसेच. नवजात बाळाची निम्मी झोप या टप्प्यात जाते आणि त्याचा लगाम अजून कच्चा असतो. ओठ हलतात, भुवया उडतात, एकदम हसू फुटते, मग चेहरा रडवेला होतो. आपल्याकडे म्हणतात, सटवाई बाळाला हसवतेय, रडवतेय. पाचव्या-सहाव्या दिवशी पाळण्याशी बसून बायकांनी जे पाहिले, ते अगदी बरोबर पाहिले होते. ते हसू बाहेरच्या कुठल्याही गोष्टीला दिलेले उत्तर नसते. बाळ असे हलताना लगेच उचलून घेऊ नये, ते झोपेतच असते.

स्वप्न चालू असतानाच लगाम सुटण्याऐवजी तो जाग आल्यानंतर उशिरा सुटला तर काय होते, तेही अनेकांनी अनुभवले आहे. जाग आली आहे, खोली दिसते आहे, पण हात उचलत नाही आणि छातीवर कुणीतरी बसल्यासारखे वाटते. मेंदू रेममधून बाहेर आला, स्नायूंवरची पकड काही सेकंद ते काही मिनिटे मागे राहिली, एवढेच. तीच यंत्रणा, उलट बाजूचा बिघाड.

काय काय याच्यासारखे दिसते

निदानाच्या सर्वांत जास्त चुका घोरण्यापाशी होतात. झोपेत श्वास अडण्याचा तीव्र विकार असलेला माणूस गुदमरून झटक्याने अर्धवट जागा होतो, हात झाडतो, ओरडतो, आणि पाठलागाचे स्वप्न सांगतो. ऐकून कुणीही रेम-वर्तनविकार म्हणेल. तपासणीत मात्र रेममध्ये हनुवटी शांत असते. हालचाल येते ती श्वास परत सुरू होण्याच्या क्षणी. अशा माणसाला सीपॅप, म्हणजे मुखवट्यातून हवेचा दाब देऊन श्वासमार्ग उघडा ठेवणारे यंत्र, लावले की श्वासही सुधारतो आणि लाथाही थांबतात. इथे आलेख न काढता रेम-वर्तनविकारावरची क्लोनाझेपाम ही गुंगी आणणारी गोळी दिली तर श्वास आणखी अडतो. म्हणून स्लीप स्टडीशिवाय हे निदान पक्के धरू नये, आणि औषधही अंदाजाने सुरू करू नये.

झोपेतल्या फिट्स एकाच साच्यातल्या असतात. दर वेळी तोच हात, तोच आवाज, काही सेकंद, एका रात्रीत अनेकदा. स्वप्नातली मारामारी दर वेळी वेगळी असते. पायांची ठरावीक अंतराची उडी, म्हणजे ५ ते ९० सेकंदांच्या अंतराने अंगठा-घोटा मुडपणे, ही बहुतांशी रेमबाहेरच्या झोपेत येते. झोप लागता लागता खड्ड्यात पडल्यासारखे दचकणे हे तर निरोगी माणसातही होते, त्याची तपासणी नको.

औषधांचा इतिहास न विचारणे ही दुसरी मोठी चूक. नैराश्यावरच्या अनेक गोळ्या, उदाहरणार्थ फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, व्हेन्लाफॅक्सिन, मिर्टाझापिन, हा विकार उघडा पाडू शकतात. पन्नाशीच्या आतल्या रुग्णात ही शक्यता आधी पाहावी. दारू एकदम सोडल्यावरही असे होते. जपानी संशोधकांनी १९७० च्या दशकात दारू सुटताना रेममध्ये टिकून राहणारा स्नायूंचा ताण नोंदवला होता. मात्र गोळीचा संशय आला म्हणून घरच्यांनी ती परस्पर बंद करू नये. नैराश्याची गोळी अचानक तोडण्याचे धोके लाथेपेक्षा मोठे असतात.

उपचार

१९८६ च्या पाच जणांपैकी दोघांवर क्लोनाझेपामने तत्काळ आणि टिकाऊ परिणाम केला. एकाला डेसिप्रामिनने तसाच गुण आला. हे लक्षात ठेवण्याजोगे आहे, कारण डेसिप्रामिन नैराश्यावरच्या औषधांच्या ज्या गटातले आहे त्याच गटातली औषधे इतर काहींत हा विकार चाळवतात. औषध थांबवले की प्रत्येक वेळी त्रास लगेच परतला. ज्यांची स्वप्ने आक्रमक झाली होती त्यांची स्वप्नेही हालचालींबरोबर निवळली.

आजही क्लोनाझेपाम झोपण्याआधी ०.२५ ते २ मिलिग्रॅम या मर्यादेत देतात. सुरुवात अर्ध्या मिलिग्रॅमने किंवा त्याहून कमी. ही गोळी लगाम दुरुस्त करत नाही. गोळी चालू असताना पुन्हा तपासणी केली तर हनुवटीचा ताण बराचसा तसाच दिसतो. कमी होतात ते झटके आणि मारामारी. म्हणून रुग्णाला ‘बरे वाटले, आता सोडा’ असे म्हणता येत नाही. तोटे वयस्कांना नडतात: सकाळची गुंगी, तोल जाणे, विसराळूपणा. रात्री लघवीला उठताना पडून खुब्याचे हाड मोडले तर लाथेपासून वाचवून काय मिळवले? विसरभोळेपणा सुरू झालेल्या किंवा श्वास अडणाऱ्या रुग्णात आम्ही मेलॅटोनिन, म्हणजे झोपेशी निगडित संप्रेरक, आधी धरू. ते ३ मिलिग्रॅमपासून सुरू करून हळूहळू ६, ९, १२ असे वाढवतात, रोज ठरल्या वेळी, झोपण्याआधी. त्याची गुंगी कमी. पण विकत घेताना सावध असावे: कॅनडात २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या तपासणीत ३१ मेलॅटोनिन उत्पादनांतले खरे प्रमाण वेष्टनावरच्या आकड्यापेक्षा ८३ टक्के कमी ते ४७८ टक्के जास्त निघाले होते. एका डबीने गुण आला आणि दुसरीने नाही, तर दोष आजाराचा नसेलही.

गोळीइतकेच काम खोली करते. गादी जमिनीवर घालावी. आपल्याकडे हे सहज जमते आणि याहून स्वस्त उपाय नाही. पलंगच हवा असेल तर बाजूला जाड सतरंजी किंवा दुसरी गादी अंथरावी. टेबलाचे कोपरे, काचेची तावदाने, उशाशी ठेवलेला काचेचा पेला आणि पितळी तांब्या, सगळे हाताच्या कक्षेबाहेर. जोडीदाराने त्रास आटोक्यात येईपर्यंत वेगळ्या अंथरुणावर झोपावे; यात नात्याचा काही प्रश्न नाही, आणि हे डॉक्टरांनी दोघांसमोर सांगितले तर बरे पडते. दोराने बांधून घेणे पूर्ण चुकीचे. स्वप्नात पळणारा माणूस दोरासकट पळतो, आणि मनगट किंवा खांदा निखळतो. मारामारी चालू असताना त्याला धरू नये, कारण स्वप्नात तो शत्रूची पकड ठरतो. हाताच्या अंतराबाहेर उभे राहून नावाने हाक मारावी, दोनदा, तीनदा.

नंतरची वर्षे

१९८६ च्या अहवालातच एक खूण होती: पाचपैकी चौघांना मेंदूचा किंवा चेतासंस्थेचा गंभीर आजार होता. तरी पुढची दहा वर्षे, ज्यांच्यात असा आजार सापडत नाही त्यांना ‘निव्वळ झोपेचा विकार’ समजून पाठवले जात होते. १९९६ साली त्याच गटाने असा काहीही आजार न सापडलेल्या २९ वयस्क पुरुषांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. त्यांतल्या ३८ टक्क्यांना मधल्या काळात कंपवातासारखा (पार्किन्सनसारखा) आजार झाला होता, लाथा सुरू झाल्यापासून सरासरी १२.७ वर्षांनी. २०१३ च्या अहवालात हे प्रमाण ८१ टक्क्यांवर गेले. २०१९ साली २४ केंद्रांतल्या १,२८० रुग्णांच्या एकत्रित अभ्यासात दरवर्षी ६.३ टक्के रुग्ण कंपवात, लेवी बॉडी प्रकारचा स्मृतिभ्रंश किंवा मल्टिपल सिस्टीम ॲट्रॉफी (चेतासंस्थेचे अनेक भाग झिजवणारा आजार) यांपैकी एकाकडे वळताना दिसले. १२ वर्षांनी ७३.५ टक्के.

कारण मेंदूच्या देठातच आहे. कंपवातात अल्फा-सिन्युक्लिन नावाचे प्रथिन चुकीच्या घडीने साचत जाते. जर्मन शरीररचनातज्ज्ञ हाइको ब्राक यांनी २००३ साली मांडलेल्या टप्प्यांनुसार अनेकांत ते देठाच्या खालच्या टोकाकडून वर चढते. ज्या पेशी मेल्या की हात थरथरतो त्या सबस्टान्शिया नायग्रापर्यंत ते तिसऱ्या टप्प्यात पोहोचते. वाटेत दुसऱ्या टप्प्यात लागतो तो आपला लगाम. आधी लगाम जातो, मग चाल जाते.

आर्नुल्फ यांच्याच गटाने २००७ साली कंपवाताच्या अशा रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला, ज्यांना रेम-वर्तनविकारही आहे. दिवसा पाय घासत चालणारा, कुजबुजल्यासारखा बोलणारा माणूस रेममध्ये झपाट्याने, ताकदीने हात चालवतो आणि खणखणीत आवाजात बोलतो. थरथर नाही, आखडलेपण नाही. हुकूम कदाचित बेसल गँग्लियाचा, म्हणजे मेंदूच्या आतल्या हालचाली नियंत्रित करणाऱ्या पुंजक्यांचा, बिघडलेला रस्ता टाळून थेट जातो, असे त्यांचे अनुमान आहे. कित्येक बायकांनी वर्षांनंतर नवऱ्याचा पूर्वीचा आवाज असा रात्रीच ऐकला.

हे रुग्णाला कसे सांगायचे, हा या प्रकरणातला सर्वांत अवघड भाग. आकडे लपवणे आम्हाला मान्य नाही. पण पहिल्याच भेटीत ७३.५ टक्के असे तोंडावर फेकणेही नाही. आधी विचारावे: पुढे काय होऊ शकते हे तुम्हाला किती जाणून घ्यायचे आहे? आजार थांबवणारे औषध आज नाही, पण व्यायाम, पडण्यापासून जपणूक आणि आर्थिक व्यवहारांची वेळेत मांडणी यांना आधी कळल्याचा उपयोग होतो. काहींना लगेच सगळे हवे असते, काहींना दोन भेटींनंतर.

वर्षातून एकदा तपासणी पुरते. हिंगाचा, कॉफीचा वास पूर्वीसारखा येतो का. बद्धकोष्ठ सुरू झाले का. आडवे झोपून आणि मग उभे राहून तीन मिनिटांनी रक्तदाब किती उतरतो. चालताना एक हात कमी हलतो का. सही बारीक होत चालली आहे का. मागच्या वर्षीची सही शेजारी ठेवून पाहावी, नुसती आठवण पुरत नाही.

या तपासणीला जोडीदाराने सोबत यावेच. रुग्णाला स्वतःच्या बहुतेक हालचाली माहीतच नसतात. सकाळी त्याला फक्त हाताची निळी पडलेली बोटे दिसतात. वही ठेवावी: तारीख, किती वाजता, काय दिसले, काय बोलला, उठवल्यावर कोणते स्वप्न सांगितले, त्या रात्री दारू किंवा नवी गोळी घेतली होती का. मोबाइल उशापासून दूर, पायथ्याकडे उभा करून मंद दिव्यात दोन-तीन रात्रींचे चित्रण करावे आणि त्यातली घड्याळाची वेळ वहीशी जुळवून डॉक्टरांना दाखवावी. वय वाढलेल्या माणसाला एकटे राहायचे असेल तर तेच काम भिंतीवरचा साधा कॅमेरा करतो, आणि पांघरूण रोज सकाळी कुठे सापडते याची नोंदसुद्धा उपयोगी पडते.